गावाकडे पाठ केलेली शाळा

आमच्या गावात एका इमारतीने गावाकडे पाठ केली होती, आणि मी त्या गावची लेक असून कितीतरी वर्षं ते माझ्या लक्षातच आलं नाही. पडेगाव मागे टाकून दौलताबादकडे निघालं आणि आमच्या गावाला वळलं की पहिल्याच उतारावर ती दिसायची. दगड-चुन्याची एकच लांबट खोली, वर पत्रे. रस्त्याच्या बाजूला सलग भिंत, गावाच्या बाजूलाही सलग भिंत, साधा झरोकासुद्धा नाही. दार आणि दोन खिडक्या मागे, दक्षिणेला, ओढ्याच्या अंगाला. लहानपणी आम्हा पोरांना ते कडब्याचं गोदाम वाटायचं, आणि मधली काही वर्षं त्यात खरंच कडबा भरलेला असायचा. पुढे तिथे मतदान व्हायला लागलं, मग बालवाडी भरली, मग पत्रे गळायला लागले आणि सगळ्यांनीच तिचा नाद सोडला.

घरात मात्र तिचं नाव अभिमानाने निघायचं. "पोलीस ॲक्शन झाल्यावर आपल्या आजोबांनी वस्तीच्या पोरांना शाळा दिली," हे ऐकतच आम्ही मोठे झालो. वस्ती म्हणजे गावाच्या दुसऱ्या टोकाची. तेव्हा तिला सरळ महारवाडाच म्हणत. आजोबा गावचे पाटील. निजामाचा अंमल गेला, नवं सरकार आलं, सगळ्यांच्या पोरांना शाळेत घ्या म्हणून हुकूम आला, आणि आजोबांनी स्वतःची जागा काढून दिली. ही गोष्ट मी नोकरीच्या मुलाखतीतसुद्धा छाती पुढे काढून सांगितली होती. आता ते आठवलं की माझे कान गरम होतात.

मी शहरात शिक्षिका झाले, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. "अक्का रिटायर झाली, तिचा आवाज नाही झाला," असं माझा धाकटा भाऊ म्हणतो. तो गावातच राहिला. शेती बघतो, आणि या सगळ्या काळात गावचा सरपंच होता. स्वभावाने वाईट नाही. पण एखादी गोष्ट डोक्यात घेतली की ती झाल्यावरच तिच्याविषयी विचार करतो. मी तशी नाही असं मला वाटायचं.

एका उन्हाळ्यात लग्नासाठी गावी गेले होते. सकाळी चहा पिताना भावाने सहज सांगितलं, "ती जुनी खोली पाडतोय. निर्लेखनाचा ठराव झालाय. तिथे गाळे काढू. पेरू-सीताफळवाले बसतील, वेरूळला जाणाऱ्या गाड्या थांबतील." मी "बरं" म्हणाले. खरंच, एवढंच म्हणाले.

दुपारी पाय मोकळे करायला उताराकडे गेले, तर त्या पाडायच्या इमारतीच्या भिंतीला वस्तीतल्या चार बायका पांढऱ्या मातीने पोतारा देत होत्या. शेजारी एक उंच, वाळका म्हातारा बादलीत माती कालवत होता. त्याला मी लहानपणापासून ओळखत होते. रेल्वेत गँगमन होता, दौलताबाद स्टेशनच्या हद्दीत रुळांवर आयुष्य काढून निवृत्त झालेला. आमच्या घरातली पाच वर्षांची पोरंसुद्धा त्याला नावाने हाक मारून अरे-तुरे करायची, आणि त्यात मीही होते. शिक्षिका झाल्यावर कधीतरी मी त्यांना मामा म्हणायला लागले आणि तुम्ही म्हणायला लागले. तेवढ्यावर मी स्वतःला फार सुधारलेली समजत होते.

"मामा, ही तर पाडायचीय. माती कशाला वाया घालवता?"

"पाडंस्तवर तर नीट दिसू द्या की," ते म्हणाले. "दरसाली जयंतीच्या आधी देतो पोतारा. माझी शाळा हाय ती, अक्का. मी पैल्या खेपंचा."

मला माहीत नव्हतं. म्हणजे शाळा होती हे माहीत होतं, पण तिच्यात कोण बसलं होतं हे मला कधी विचारावंसंच वाटलं नव्हतं. त्यांनी हात बादलीत धुतले आणि म्हणाले, "नात हाय मला, शारात कालेजात. ती इचारती, आजा, तू कुठं शिकला? तिला काय दावू? पेरूचं दुकान?"

मला राग आला की कल्पना सुचतात. थंड डोक्याने मला आयुष्यात काही सुचलेलं नाही. संध्याकाळी मी भावाला पुढ्यात बसवलं आणि विद्यार्थ्याला झाडतात तसं झाडलं. गाळे कुठेही होतील, शाळा पुन्हा होणार नाही. पत्रे बदल, डागडुजी कर आणि गावाच्या इतिहासाचं संग्रहालय कर. भाऊ म्हणाला, "आपल्या गावाला कसला इतिहास? इतिहास सगळा किल्ल्यावर." मी म्हणाले, "म्हणूनच. किल्ला बघून आलेल्याला माणसं कुठे बघायला मिळतात?" हे त्याला पटलं की नाही कोण जाणे, पण आजूबाजूच्या एकाही गावात संग्रहालय नाही हे त्याला लगेच पटलं. ग्रामसभेत ठराव फिरला. मामा मागच्या रांगेत बसले होते. घरी जाताना त्यांची चाल मी पाहिली, तरण्या माणसासारखी झाली होती.

मग गावाने वस्तू आणून द्यायला सुरुवात केली, आणि माझी पुरती दमछाक झाली. जातं, उखळ, मोट, तांब्याचे हंडे, कंदील, एवढं ठीक. एका गृहस्थाने बंद पडलेला टीव्ही अँटेनासकट आणला आणि "हा बी आता इतिहासच की," म्हणाला. तीन घरांनी देवगिरीच्या यादवांची म्हणून तीन तलवारी आणल्या. त्यातली एक लग्नात नवरदेवाच्या हातात देतात ती होती. एकाने तोफेचा गोळा आणला, तो पिठाच्या गिरणीचं वजन निघाला. मी प्रत्येकाला चहा पाजला आणि टीव्ही परत पाठवला. मामांनी सांगितलं होतं की त्यांच्याकडे शाळेचं एक जुनं रजिस्टर आहे, इमारत तयार झाली की ते स्वतः आणून ठेवतील. मी त्यासाठी काचेची पेटी करायला टाकली.

याच सुमाराला माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. एक डोळा झाला, मग दुसरा, यात महिना-दीड महिना गेला. भाऊ फोनवर सांगायचा, "काम जोरात आहे, तू फक्त डोळे उघड आणि बघायला ये." मी आले, उताराशी उतरले आणि नव्या डोळ्यांनी पाहिलं. रस्त्याच्या बाजूच्या भिंतीत भलंमोठं दार पाडलं होतं. काळ्या ग्रॅनाइटची चौकट, वर कमान. आणि मागे ओढ्याकडचं जुनं दार सिमेंटच्या विटांनी बुजवून वरून गिलावा केला होता. तिथे दार होतं हे सांगूनही खरं वाटलं नसतं.

"दक्षिणमुखी होतं," भाऊ म्हणाला. तो खरंच खूश होता. "यमाची दिशा. वैजापूरहून वास्तुवाल्याला मुद्दाम आणून दाखवलं. तो म्हणाला, हे दार असंच ठेवलं तर संग्रहालय चालायचं नाही. आजोबांसारख्या माणसाने दक्षिणेला दार कसं काढलं कळत नाही. गवंड्याचीच चूक असणार. म्हटलं आजोबांच्या हातून राहिलेली चूक आपण दुरुस्त करू." कमानीखाली एक संगमरवरी पाटी टेकवून ठेवली होती. तिच्यावर शाळेचे दाते म्हणून आजोबांचं नाव कोरलेलं होतं.

मला दार बुजवल्याचा राग आला, पण तो जुन्या इमारतीची मोडतोड केल्याचा राग होता. त्या दारात आणखी काही असेल असं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मी विचारलं, "मामा काय म्हणाले?" भाऊ म्हणाला, "ते येईनासेच झालेत. म्हातारपण. तब्येत बरी नसेल."

मी तशीच वस्तीवर गेले. गाव ओलांडून, चावडीवरून, सरळ वाटेने. पाच-सात मिनिटं लागली. मामांचं घर स्लॅबचं, नीटनेटकं, सून अंगणवाडीत कामाला. साठी ओलांडल्यावर मी पहिल्यांदा त्यांच्या घराचा उंबरा ओलांडत होते, हे मला उंबऱ्यावरच जाणवलं आणि त्यांनाही जाणवलं असणार. त्यांनी खुर्ची पुसून दिली. तब्येत ठणठणीत होती.

"रजिस्टर द्यायचं ना, मामा? पेटी तयार आहे."

"आलो व्हतो की घिऊन. दारच नाय. मंग माघारी आलो."

"नवं दार आहे की, रस्त्याकडून."

त्यांनी सुनेला चहाची खूण केली. मग उठून त्यांनी कॉटखालची ट्रंक ओढली आणि फडक्यात बांधलेलं रजिस्टर काढलं. दाखल-खारीज रजिस्टर. कुणाचं नाव शाळेत घातलं आणि कुणाचं काढलं त्याची नोंद. आम्हा शिक्षकांना ते देवासारखं. पण हे उर्दूत होतं. त्यांचे मास्तर शिकवायचे मराठी, लिहायचे उर्दूत, कारण छापील रजिस्टरं जुन्याच अमलातली उरलेली आणि मास्तरही त्याच शाळांत शिकलेले. पुढे काही वर्षांनी मास्तरांची बदली झाली, ही शाळा मोडून पोरं गावच्या शाळेत गेली, आणि इथलं सामान न्यायला कुणीच आलं नाही. वाळवी खाईल म्हणून मामांच्या वडिलांनी रजिस्टर घरी आणून ठेवलं होतं. मास्तरांनी पोरांना दोन्ही लिप्या शिकवल्या होत्या. मामांनी चष्मा लावला आणि बोट उजवीकडून डावीकडे नेत ते वाचायला लागले. एक ओळ उर्दूत, मग तीच मराठीत.

पहिल्याच पानावर मास्तरांनी जागेविषयी लिहून ठेवलं होतं. जागा पाटलांची. पाटलांच्या शर्ती तीन. दार जुनूबेला, म्हणजे दक्षिणेला ठेवावं. गावाच्या आणि रस्त्याच्या बाजूला काहीही उघडं ठेवू नये. मुलांनी ओढ्याच्या वाटेने यावं-जावं, चावडीवरून येऊ नये. खाली मोडीत एक सही होती. मला ना उर्दू येते ना मोडी, पण ती सही आमच्या शेताच्या कागदांवर मी शंभरदा पाहिली होती.

मी विचारलं, "पण मग शाळा वस्तीपाशीच का नाही बांधली?" हे विचारायला नको होतं.

"वस्तीपाशी तुमची काळी जिमीन. ती कशी देतील? उताराला नुसता मुरूम. तो दिला."

सुनेने चहा आणला. मी कप घेतला आणि तसाच खाली ठेवला. शरम वाटली, आणि त्याहून जास्त राग आला. आजोबांचा, भावाचा, त्या मुलाखतीत छाती पुढे काढून बसलेल्या माझा. मी म्हणाले, "इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"कुणी इचारलं?" ते शांतपणे म्हणाले. "आन् हे बगा अक्का, पाटलानं गाळे बांधले असते तर मी गप ऱ्हायलो असतो. पाडली म्हणलो असतो. पर आता नात यील, तिला सांगतील, तुजा आजा हितनं, ह्या काळ्या दगडाच्या कमानीतनं शाळंत जायचा. आमी त्या अंगानं कदी गेलोच नाय. दार नाय तर माजी शाळा नाय ती. दुसऱ्याच कुणाची हाय."

आता मला सगळं स्वच्छ दिसत होतं. मामांचं वय ऐंशीच्या पुढे. त्यांच्या खेपेचे बाकी सगळे गेलेले. ते दार बंद राहिलं तर त्यांच्यामागे कुणीच सांगणार नव्हतं, आणि आमच्या आजोबांची संगमरवरी पाटी मात्र सांगत राहणार होती.

घरी आले आणि भावाशी भांडले. आपलेच दात आणि आपलेच ओठ, पण त्या संध्याकाळी दोन्ही रक्तबंबाळ झाले. तो म्हणाला, "घरात वडीलधारं कुणी उरलं नाही म्हणून आता आजोबांची अब्रू चव्हाट्यावर मांड. लेक आहेस का वैरीण?" मग म्हणाला, "म्हातारा मनाचं वाचतोय. तुला काय उर्दू येते?" मी म्हणाले, "तुला येते? मग ज्याला येते त्याला आण. तुझाच माणूस आण. ग्रामसभेत सगळ्यांसमोर वाचू दे." तो म्हणाला, "आणतोच." याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

त्याने पडेगावचे एक निवृत्त उर्दू शिक्षक आणले. त्याच्या ओळखीचे, सभ्य गृहस्थ. ग्रामसभा चावडीसमोर भरली. मामांनी फडकं सोडून रजिस्टर त्यांच्या हातात दिलं आणि स्वतः ओट्याच्या खाली बसले. ते गृहस्थ पहिलं पान मनातल्या मनात वाचून गेले आणि अवघडून भावाकडे बघायला लागले. भाऊ म्हणाला, "वाचा. मोठ्याने वाचा." त्यांनी वाचलं. तिन्ही शर्ती, मामांनी सांगितल्या तशाच, शब्दाला शब्द. "पाटील साब, येइच लिखा है," ते म्हणाले. "मैं क्या करूँ?"

सभेत कुजबुज झाली. आमच्या भावकीतला एक जण म्हणाला, "जुन्या काळात सगळीकडंच असं व्हतं, त्यात काय?" आणि दोघा-चौघांनी माना डोलावल्या. मला वाटलं, झालं, आता हे सगळं या एका वाक्याखाली पुरलं जाणार. पण ते शिक्षक पानं उलटत होते. शिक्षकाच्या हातात रजिस्टर आलं की तो उलटणारच. एका पानावर त्यांचं बोट थांबलं.

"ये देखो. एक बच्चे का नाम काट दिया है. महिनाभर बाहर." त्यांनी जवळ धरून वाचलं. "सबब, गाँव में से चल के आया."

कुणीतरी विचारलं, कोण? त्यांनी नाव वाचलं. ते मामांचं होतं.

सगळ्यांनी वळून पाहिलं. मामांनी ही नोंद मला वाचून दाखवली नव्हती. त्यांना ती लपवायची होती हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, जणू नाव कमी झालं ही त्यांचीच चूक होती. भाऊच म्हणाला, अगदी हळू, "काय झालं होतं, मामा?"

"ओढ्याला पाणी आल्यालं," मामा म्हणाले. "सात-आठ वर्साचा व्हतो. शाळा बुडू ने म्हणून गावातनं गेलो. पळतच गेलो, कुणी बगायच्या आत. चावडीवर तुमचा आजा बसल्याला. मारलं-बिरलं नाय हां त्यांनी. मास्तरला फकस्त म्हणले, ह्याचं नाव काढ." त्यांनी फडक्याची घडी घातली. "म्हैनाभर ओढ्यापल्याड बसून आयकायचो. पाडे म्हणायची पोरं. मी बी म्हणायचो, तितूनच."

भाऊ उठला आणि सभा तशीच टाकून घरी गेला. त्या दिवशी तो जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उताराकडून दणके ऐकू आले. मी गेले तर भाऊ लग्नाकार्याला घालायचा पांढरा शर्ट घालून, पहार घेऊन दक्षिणेच्या भिंतीवर घाव घालत होता. गवंडी शेजारी घमेलं घेऊन उभा. मला बघून भाऊ म्हणाला, "बोलू नकोस." मी आयुष्यात पहिल्यांदा त्याचं ऐकलं. दुपारपर्यंत दार मोकळं झालं. ग्रॅनाइटची चौकट निघाली, रस्त्याकडची भिंत दगड-चुन्यात पुन्हा होती तशी सलग झाली. कमान कुठे न्यायची हा प्रश्न पडला; ती शेवटी मारुतीच्या देवळाला लागली आणि मारुतीने काही तक्रार केली नाही. वास्तुवाल्याचा फोन आला तेव्हा भाऊ म्हणाला, "यमाला येऊ दे. त्याला पण दाखवू."

संगमरवरी पाटी उलटी करून तिच्या मागच्या बाजूला नवा मजकूर कोरायचा ठरलं. मजकूर मी लिहिला. मराठीची शिक्षिका, चार ओळी सुबक बसवल्या: पाटलांनी काही अटींवर जागा दिली, वगैरे. भावाने कागद वाचला आणि परत माझ्यापुढे टाकला.

"काही अटी कशाला? तीन होत्या. तिन्ही लिही."

मी लिहिल्या. अक्षर जरा वाकडं आलं. आजोबांचं नाव आम्ही काढलं नाही. दाते हा शब्द काढला. जो महिनाभर बाहेर बसला त्या मुलाचीही ओळ घालू का, असं मामांना विचारलं. ते म्हणाले, "घाला. आता लपवून काय करू? पर पाडे पाठ व्हते ते बी घाला." घातलं.

उद्घाटनाच्या दिवशी जिल्ह्याहून मोठे साहेब आले, पत्रकार आले, आजूबाजूच्या गावांचे सरपंच आले. मामांची नात शहरातून मैत्रिणींसकट आली. भावाने भोंग्यावरून स्वतः सांगितलं, "गाड्या वस्तीवर लावा. सगळ्यांनी तिथून ओढ्याच्या वाटेने शाळेत यायचं आहे. दुसरी वाट नाही." गावाच्या पोटातून पाच-सात मिनिटं, ओढ्याने वळसा घालून पाऊण तास, आणि बाभळीच्या काट्यांतून. साहेबांचा ड्रायव्हर म्हणाला, रस्ता तर समोर दिसतोय. साहेब शहाणे होते. त्यांनी वस्तीवर पाटीच्या मजकुराचा कागद वाचला, पँट दुमडली आणि निघाले.

मामांनी रेल्वेतला जुना कोट घातला होता. काखेत रजिस्टर. मी त्यांच्याबरोबर चालायचं म्हणून थांबले, तर ते म्हणाले, "तुमी व्हा म्होरं, अक्का. तुमी पाटलाच्या घरच्या, तुमी ओढ्यानं. मी आज गावातनं येतो."

"एकटे?"

"येकटाच गेल्तो तवाबी."

ते कसे गेले हे मला त्यांच्या सुनेने नंतर सांगितलं. ती लांबून मागे मागे होती. मधल्या आळीतून चालले, घाई नाही, काठी नाही. बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. चावडीपाशी पोचले तेव्हा ओट्यावर बसलेली आमच्या भावकीतली म्हातारी माणसं उठून उभी राहिली. कुणी सांगितलं नव्हतं. मामा तिथे थांबले, चष्मा काढून कोटाच्या बाहीला पुसला, पुन्हा लावला, सगळ्यांना रामराम करावा तसा हात वर केला आणि पुढे निघाले.

इकडे आम्ही ओढ्यातून येत होतो. वाट मला माहीत नव्हती; माझ्याच गावातली ही वाट मी कधी चालले नव्हते. साहेबांच्या बुटात चिखल गेला. वस्तीतल्या बायका हसत पुढे निघून गेल्या, त्यांच्या पायांना सवय होती. मामांची नात माझा हात धरून चढ चढवत होती आणि मोजत होती, अजून किती, अजून किती. माझा ऊर भरून आला होता, आणि खरं सांगायचं तर मला खूप आनंद झाला होता. एवढा आनंद मला माझ्या मुख्याध्यापिकापदाच्या ऑर्डरनेही झाला नव्हता. भाऊ सगळ्यात शेवटी होता, पांढऱ्या पँटला गोखरू चिकटलेले, धापा टाकत.

आम्ही वर आलो तेव्हा मामा दारात उभे होते. कधीचे पोचलेले. रजिस्टर काचेच्या पेटीत ठेवून झालं होतं आणि अभिप्रायासाठी आणलेली कोरी वही त्यांच्या हातात होती. त्यांनी साहेबांना आत घेतलं, नातीला आत घेतलं, मला घेतलं. मग भावाकडे वळले.

"लई उशीर केला, पाटील."

"वाट लांबची आहे, मामा," भाऊ म्हणाला.

"व्हय. आमाला रोजची व्हती." त्यांनी वहीचं पहिलं पान उघडलं आणि कोटाच्या खिशातून पेन काढलं. "नाव सांगा. लिवून घेतो."

ज्याचं नाव साऱ्या तालुक्याला ठाऊक, तो माझा भाऊ दारात सरळ उभा राहिला. हात पायांशी, शाळेत पोरगा उभा राहतो तसा. त्याने स्वतःचं नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, आडनाव सांगितलं. मामांनी मान वर केली नाही.

"आज्याचं बी सांगा."

भावाने आजोबांचं नाव सांगितलं, आणि मामांनी ते सावकाश, उजवीकडून डावीकडे, शाळेत दाखल करून घेतलं.